मेक्सिकन मुखत्यार

परदेशस्थ मराठी वसाहतीत जे काही ठरावीक मासले आढळतात (गणेशोत्सवाच्या वर्गणीची वही बगलेत मारून फिरणारे, नाटकाच्या तालमींसाठी आपला दिवाणखाना मोकळा करून देऊन त्या मोबदल्यात नायकाची भूमिका पटकावणारे, पुण्यातील जमिनीचे भाव तोंडपाठ असलेले आणि ती जमीन मात्र कधीच न घेणारे) त्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु आपल्या पाहुण्यांच्या जठराचे मुखत्यारपत्र परस्पर स्वतःच्या नावे करून घेऊन त्यांना मेक्सिकन हॉटेलात नेण्याचे व्रत जो आमरण चालवतो, त्या गृहस्थाकडे आमच्या लेखकवर्गाचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

टेक्सास प्रांतात ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन यांपैकी कोणत्याही शहरी जेथे म्हणून दहावीस मराठी बिऱ्हाडे नांदत असतील, तेथे हे गृहस्थ एक तरी असतातच. वय साठीच्या अलीकडचे. तेलकंपनीत नळांची जाडी आणि त्यांतून जाणाऱ्या द्रवाचा दाब यांचा मेळ घालण्यात हयात गेलेली. घरी पत्नीच्या अध्यक्षतेखाली, कचेरीत आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या वरिष्ठाच्या हुकमतीखाली, आणि मुलांच्या लेखी कोणाच्याच गणतीत नसलेले असे हे निरुपद्रवी गृहस्थ ज्या क्षणी मेक्सिकन हॉटेलाचा जड लाकडी दरवाजा ढकलतात, त्या क्षणी त्यांच्या देहात कोण्या जुन्या मामलेदाराचा संचार होतो. पाठ ताठ होते, आवाज खर्जात उतरतो, आणि मागून येणाऱ्या पाहुण्यांना ते न वळता, केवळ हाताच्या खुणेने, थांबण्याचा हुकूम देतात. आम्ही त्यांना मुखत्यारसाहेब म्हणतो. हे त्यांना ठाऊक आहे, आणि आवडतेही.

पाहुणा मायदेशाहून येऊन पोहोचला, दिवसा झोपणे आणि रात्री जागणे हा त्याचा क्रम थोडा ताळ्यावर आला, की मुखत्यारसाहेब 'आज बाहेर जायचं' असे फर्मान काढतात. कोठे, हा प्रश्न केवळ औपचारिक असतो. तरीही त्यावर ते चर्चा होऊ देतात, कारण चर्चेविना दिलेला निकाल टिकत नाही हे महाराष्ट्र मंडळाच्या सर्वसाधारण सभांनी त्यांना शिकवलेले आहे. भारतीय हॉटेल पहिल्याच फेरीत बाद होते. 'इतक्या लांब येऊन काय पनीरच खायचं?' हे त्याचे प्रकट कारण. अप्रकट कारण असे की तेथे प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःला जाणकार समजते आणि जाणकारांच्या गर्दीत मुखत्यारीला भाव उरत नाही. अमेरिकन हॉटेलात शाकाहारी मनुष्याच्या वाट्याला भाजलेला बटाटा येतो, आणि मांसाहारी मनुष्याला तो तुकडा कितपत भाजावयाचा याविषयी जी जबानी द्यावी लागते तीत मुखत्यारसाहेबांची स्वतःचीच अनेकदा गाळण उडालेली आहे. चिनी हॉटेलातील काळ्या रसाविषयी मंडळीच्या मनात शंका असते; इटालियन अन्न आजाऱ्याला बरे. उरते ते मेक्सिकन, आणि ते असे उरावे याची तजवीज चर्चेच्या क्रमातच करून ठेवलेली असते.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा आहे : 'हे सगळं आपलंच आहे हो. पोळी आहे, राजमा आहे, भात आहे, कोथिंबीर आहे, लिंबू आहे. नावं तेवढी निराळी!' या सिद्धान्तात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. फक्त हिशेबाच्या वहीत त्यांनी जमेची बाजू नावे आणि नावेची बाजू जमा धरलेली आहे, एवढाच काय तो दोष. ज्या मिरचीवाचून मराठी माणसाला आपली चूल चूल वाटत नाही ती मुळात मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागण्यापूर्वी येथले तिखट म्हणजे मिरे, आणि ज्ञानेश्वरमहाराजांच्या पंगतीत हिरव्या मिरचीचा ठेचा असणे कालदृष्ट्या असंभवनीय. टोमॅटो, मका, पपई, इतकेच काय, डहाणूच्या वाड्यांतून टोपल्या भरभरून येणारा चिकूसुद्धा तिकडचाच रहिवासी. उलटपक्षी जिरे, कोथिंबीर, तांदूळ, दालचिनी ही मंडळी स्पॅनिश अंमलात तिकडे गेली, आणि १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि अकापुल्को या बंदरांमध्ये जी स्पॅनिश जहाजांची वहिवाट होती तिच्यावरून आंबाही तिकडे पोहोचला. म्हणजे व्यवहार दुतर्फा झालेला आहे, आणि तो ताळेबंद पाहता त्यांनीच आपल्याला 'हे सगळं आमचंच आहे हो' असे म्हणावे अशी स्थिती आहे. परंतु मुखत्यारसाहेबांसमोर हा मुद्दा काढण्यात अर्थ नाही; तोवर त्यांनी मोटारीच्या किल्ल्या उचललेल्या असतात.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या पत्नीचे मामा-मामी नागपुराहून आले, आणि त्यानिमित्त निघालेल्या स्वारीत प्रस्तुत लेखकाचाही समावेश करण्यात आला. मामा कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले, ऐंशीकडे झुकलेले, मितभाषी. घरात शाकाहारी, घराबाहेर वार पाळून सर्वाहारी. मामी कडक शाकाहारी, बहुश्रुत, आणि कोणत्याही गोष्टीत स्वतः पाहिल्याखेरीज विश्वास न ठेवणाऱ्या. शनिवारची संध्याकाळ असल्यामुळे हॉटेलात तोबा गर्दी होती. आढ्यापासून आढ्यापर्यंत नक्षी कातरलेल्या रंगीत कागदांची तोरणे लोंबत होती, भिंतीवरील चार पडद्यांवर चार निरनिराळे सामने चालले होते, आणि त्या सर्वांवर ताण करणारे संगीत कोठून येत आहे याचा तपास शेवटपर्यंत लागला नाही. दारातल्या मुलीने चाळीस मिनिटांचा वायदा करून तळहाताएवढी एक काळी चकती मुखत्यारसाहेबांच्या स्वाधीन केली. टेबल मोकळे झाले की ही चकती लाल दिवे लावून थरथरू लागते. मुखत्यारसाहेबांनी ती सनद मिळाल्याच्या थाटात उंच धरली, आणि 'तोवर बारवर बसू' असे जाहीर केले. गिऱ्हाइकाला चाळीस मिनिटे ताटकळत ठेवण्यामागील हॉटेलवाल्यांचा मूळ हेतूही हाच असावा, असे माझे नम्र मत आहे.

बारच्या मागे कपाटभर बाटल्या उजळून निघाल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात काचेच्या टाकीत हिरवट बर्फाचा लगदा अखंड घुसळला जात होता. त्या यंत्राकडे बोट दाखवून मुखत्यारसाहेबांनी पहिले व्याख्यान सुरू केले. डॅलस शहरी मारियानो मार्टिनेझ नावाच्या तरुण हॉटेलवाल्याकडे मार्गारिटा या पेयाला इतकी मागणी येऊ लागली, की ते घोटता घोटता त्याचे नोकर मेटाकुटीस आले. तेव्हा किराणा दुकानातील बर्फाळ सरबताचे यंत्र पाहून त्याला युक्ती सुचली, आणि १९७१ साली मऊ आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून त्याने त्यातून मार्गारिटा काढावयास आरंभ केला. ते मूळ यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेले आहे. ही हकीकत पूर्णपणे खरी आहे. मात्र मुखत्यारसाहेब ती अशा सुरात सांगतात, की यंत्रात बर्फ घालावयास त्या दिवशी तेही हजर होते असा श्रोत्यांचा समज व्हावा.

'आणि यात असतं काय?' मामांनी विचारले.

'टकीला. ॲगावे नावाच्या वनस्पतीची. मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतात सहा-सात वर्षं वाढवतात, पानं छाटतात, गड्डा भाजतात, रस आंबवतात...'

'म्हणजे घायपात,' मामा म्हणाले. 'त्याच कुळातलं. आमच्याकडे रेल्वेच्या कडेनं लावलेलं असतं. दोर वळतात त्याचे.'

या एका वाक्याने टकीलेची प्रतिष्ठा किती पायऱ्या खाली उतरली हे मुखत्यारसाहेबांच्या चेहऱ्यावरून मोजता आले. तेवढ्यात बारवरच्या माणसाने त्यांच्याकडे पाहून, हसून, एका दमात आठदहा वाक्ये स्पॅनिशमध्ये म्हटली. येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. मुखत्यारसाहेबांचा वर्ण, मिशी आणि बेताची उंची यांमुळे टेक्सासातील मेक्सिकन मंडळी त्यांना नित्य स्वकीय समजतात. ज्या प्रांतात 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न त्यांना दरमहा कोणी ना कोणी विचारतोच, तेथे हीच एक जागा अशी आहे की तेथील माणूस काहीही न विचारता थेट बोलावयास लागतो. आणि मुखत्यारसाहेबांना त्यातले 'अमीगो' आणि 'सेन्योर' एवढेच कळत असले, तरी तो गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न त्यांच्याकडून आजतागायत झालेला नाही. ते फक्त 'सी, सी' म्हणतात, 'ग्रासियास' म्हणतात, आणि मान अशा समंजसपणे हलवतात, की पुढील संभाषणाचा सर्व भार समोरचा माणूस आनंदाने उचलतो. या खेपेस त्या 'सी, सी'ची परिणती अशी झाली, की दोन पेल्यांऐवजी मार्गारिटाचा एक भलामोठा चंबू, काठावर मीठ लावलेल्या सहा पेल्यांसह, आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

'मीच सांगितलं,' मुखत्यारसाहेब म्हणाले. 'मोठं घेतलं की परवडतं.'

पत्नीने त्यांच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता एक पेला स्वतःकडे ओढला. मामींसाठी चिंचेचे सरबत आले. ते त्यांनी अगोदर वास घेऊन, मग चमच्याने चाखून, 'गूळ नाही, साखर आहे,' असा अभिप्राय देऊन स्वीकारले. शेजारच्या टेबलावरील लालभडक पेयाविषयी त्यांनी चौकशी केली असता ते अंबाडीच्या बोंडांचे असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा मात्र त्यांना खरोखरीच नवल वाटले : ज्या अंबाडीची आपण भाजी करतो, तिच्या बोंडांचे पाणी बर्फ घालून चार डॉलरला विकता येते, ही गोष्ट विदर्भात कोणाला आजवर सुचली कशी नाही?

चकती थरथरली. टेबल मिळाले. आणि त्याबरोबर, कोणी न मागता, मक्याच्या गरम चिप्सची टोपली आणि साल्साच्या दोन वाट्या पुढे आल्या. टेक्सासातील या हॉटेलांचा हा शिरस्ता आहे : टोपली फुकट, आणि रिकामी झाली की पुन्हा भरून, तीही फुकट. फुकट या गोष्टीशी मराठी मनाचे नाते गुंतागुंतीचे आहे. ती सोडवत नाही, आणि तिच्यावर विश्वासही बसत नाही. मामींनी टोपली थोडी दूर सरकवली, कारण 'नंतर बिलात लावतात'. मुखत्यारसाहेबांनी तसे नसल्याची ग्वाही दिली, आणि लगेच दुसरा हुकूम सोडला : 'पण यावर पोट भरू नका. नवखे लोक इथंच फसतात. आणि मामा, तो साल्सा जपून. तिखट आहे.'

तिखट आहे, असे नागपूरच्या माणसाला सांगणे हे धाडस आहे. ज्या गावात सावजी रश्श्याची वाटी पुढे आली की परगावचा पाहुणा अगोदर पाण्याचा तांब्या भरलेला आहे की नाही हे पाहून घेतो, त्या गावच्या मामांनी चिप्स बाजूला ठेवली, साल्साची वाटी उचलली, आणि कढी प्यावी तशी तोंडाला लावून रिकामी केली. थोडा वेळ विचार केला. 'टोमॅटो ताजा आहे,' ते म्हणाले. वाढणारा तरुण हे सर्व बाजूला उभा राहून पाहत होता. तो एक शब्द न बोलता आत गेला, आणि गिऱ्हाइकांसाठी नव्हे तर आचाऱ्यांच्या स्वतःच्या जेवणासाठी वाटलेली, केशरी रंगाची, हबानेरो मिरचीची एक बारकी वाटी घेऊन आला. मामांनी तिच्यात चिप्सचे टोक बुडवले. त्यांच्या कपाळावर घामाचे दोन थेंब आले; पण मुद्रेवर जे समाधान पसरले ते या प्रवासात त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच दिसत होते. 'हां,' ते म्हणाले. मुखत्यारसाहेब गेली कित्येक वर्षे या हॉटेलात येत असून ही वाटी त्यांना कोणी कधी दाखवली नव्हती.

गमावलेली प्रतिष्ठा परत मिळवण्याचे स्थान म्हणजे ऑर्डर. येथे त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मेक्सिकन पाकशास्त्रात शाकाहारी मनुष्यासाठी जे छुपे धोके आहेत (घोटलेल्या राजम्यात 'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी, तांबूस भातात कोंबडीचे पाणी) त्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती असून, प्रत्येक पदार्थाची ते स्वतंत्र उलटतपासणी करतात.

'राजम्यात मांतेका आहे?'

'घोटलेल्यात आहे, सेन्योर. काळ्या राजम्यात नाही.'

'काळा राजमा शिजवताना त्यात हाड, मांस, काही?'

'नाही.'

'भात कशात शिजवता?'

'कोंबडीच्या रश्श्यात.'

मुखत्यारसाहेबांनी आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. गुन्हेगार सापडला होता. मग भात वर्ज्य, घोटलेला राजमा वर्ज्य, एन्चिलादांवरील तांबडा रस तहकूब, चीज मंजूर, ग्वाकामोलेचे पैसे निराळे पडतात म्हणून ते सर्वांत मिळून एक, अशी कलमवार फर्द तयार होत असताना कोणाच्या लक्षात आले नाही की मामी खुर्चीवर नाहीत.

त्या दाराजवळच्या काचेच्या खोलीपाशी उभ्या होत्या. तेथे एक प्रौढ मेक्सिकन बाई मैद्याचे गोळे लाटून तापलेल्या पत्र्यावर टॉर्टिया टाकीत होती. मामी मराठीत बोलत होत्या, बाई स्पॅनिशमध्ये. आणि हातवाऱ्यांवरून दिसत होते की दोघींचे पाण्याच्या प्रमाणावर मतभेद आहेत. पुढे बाईने लाटणे काचेवरून पुढे केले, मामींनी ते हातात घेऊन तोलून पाहिले, परत दिले. बाईने एक गरम टॉर्टिया दुमडून, वर लोणी फासून, त्यांच्या हातावर ठेवली. मामी ती खातखातच परतल्या.

'पीठ आणखी मळायला हवं होतं,' बसता बसता त्या म्हणाल्या. 'पण हात चांगला आहे बाईचा. तिची सून नीट लाटत नाही म्हणते.'

मुखत्यारसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. राजमा, भात, रस या सर्वांची जबानी त्यांनी घेतली होती. पण मैद्याच्या टॉर्टियेतही पूर्वापार तीच चरबी पडत आली आहे, हे कलम त्यांच्या फर्दीतून सुटले होते. ते खुर्ची मागे सारून उठले, वाढणाऱ्या तरुणाला खांबाआड घेऊन गेले, आणि तेथे दबक्या आवाजात जी मसलत झाली तिच्यातील 'मांतेका' एवढाच शब्द टेबलापर्यंत आला. परतले तेव्हा रंग पूर्ववत झाला होता.

'काय झालं?' पत्नीने विचारले.

'काही नाही. वनस्पती तूप घालतात.'

'म्हणजे डालडा,' मामी म्हणाल्या. 'वाटलंच मला.'

फहितांचे तवे येतात तेव्हा मेक्सिकन हॉटेलात काही क्षण सर्व संभाषणे थांबतात. लोखंडी तव्यावर कांदा आणि ढोबळी मिरची चुरचुरत असते, धुराचा लोट वाढणाऱ्याच्या खांद्यावरून मागे जातो, आणि प्रत्येक टेबलावरचा मनुष्य, ते आपल्यासाठी नाहीत हे ठाऊक असूनही, मान वळवतो. या प्रवेशाचा फायदा घेऊन मुखत्यारसाहेबांनी दुसरे व्याख्यान सुरू केले. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातील गुरे राखणारांच्या वाट्याला मजुरीदाखल येणारा मांसाचा चिवट पट्टा म्हणजे या पदार्थाचा मूळ पुरुष. याच ह्यूस्टनमध्ये नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर १९७३ साली निन्फा लॉरेन्झो या विधवेने आपल्या टॉर्टियांच्या कारखान्याच्या पुढल्या भागात मोजकी टेबले मांडली आणि त्याच पट्ट्याला नागरी समाजात मान मिळवून दिला. नाचोंचे जनक इग्नासियो अनाया. गाव पिएद्रास नेग्रास, सरहद्दीवरचे. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आचारी जागेवर नसताना पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी हाताला लागेल ते चीज आणि मिरच्या घालून केलेली तडजोड. सिंको दे मायो हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे. तो १८६२ सालच्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस, आणि त्यानिमित्त मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतच अधिक दारू खपते. हे सर्व ते तव्यावरील घास गार होऊ न देता सांगतात, ही त्यांची हातोटी.

'आणि तुम्हाला ठाऊक नसेल, मामा,' त्यांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला, 'पण मेक्सिकोच्या मक्यावर एका मराठी माणसानं काम केलेलं आहे. पांडुरंग खानखोजे. मूळचे वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक. शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरानं भित्तिचित्रात काढलंय त्यांना, आहात कुठं!'

मामांनी घास संपवला, हात पुसले.

'पाहिलंय मी त्यांना,' ते म्हणाले. 'नागपुरात. परत आल्यावर नागपुरातच राहिले, सदुसष्ट साली गेले. आमच्याकडच्या एका सभेला आले होते. मी विद्यार्थी होतो. मागच्या बाकावर. मक्याबद्दलच बोलले.'

यानंतर टेबलावर जी शांतता पसरली तिच्यात शेजारच्या पडद्यावरील सामन्याचा निकाल ऐकू आला. मुखत्यारसाहेब क्षणभर खरोखरीच निरुत्तर झाले. परंतु मुखत्यारी ही सहजी हिरावून घेता येणारी वस्तू नव्हे. पुढच्याच महिन्यात ठाण्याहून आलेल्या एका दांपत्याला घेऊन ते त्याच टेबलाशी बसले असता, 'आमच्या घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी खानखोज्यांचं व्याख्यान समक्ष ऐकलेलं आहे' ही हकीकत त्यांच्या मुखातून निघताना मी ऐकली आहे. त्या वेळी मागचा बाक पुढे सरकून दुसऱ्या रांगेत आला होता.

तव्यांवरचे सारे संपते आहे तोच सहाजण टाळ्या वाजवीत, गात, आमच्या टेबलाभोवती गोळा झाले, आणि त्यांपैकी एकाने मामांच्या मस्तकावर छत्रीच्या आकाराची एक झगझगीत टोपी ठेवली. मुखत्यारसाहेबांनी मघाच्या खांबाआडच्या मसलतीत मामांचा आज वाढदिवस असल्याचेही कळवले होते. वाढदिवसाच्या माणसास तळलेल्या गोड पुरीची मधासह भेट मिळते, हा त्यामागील हिशेब.

'अहो, माझा वाढदिवस पौषात असतो,' मामा टोपीखालून म्हणाले.

'तिथीनं, मामा. इथं तारखेनं धरतात.'

मामांनी हे मान्य केले, पुरी वाटून खाल्ली, आणि टोपी काढावयाची वेळ आली तेव्हा ती आणखी थोडा वेळ राहू देण्याची विनंती करून मामींकरवी तीन छायाचित्रे काढून घेतली. ती नागपूरच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तत्काळ रवाना झाली.

राहता राहिले बिल. ते येताच मुखत्यारसाहेब त्यावर पालथा हात ठेवतात, कारण मायदेशाहून आलेला कोणीही मनुष्य त्या आकड्याला मनातल्या मनात रुपयांनी गुणल्याशिवाय राहत नाही, आणि गुणाकार झाला की त्याला जेवण पचत नाही. टीप काढण्याची त्यांची रीत जुनी आहे : ह्यूस्टनमधील विक्रीकर ८.२५ टक्के, त्याची दुप्पट करावी, म्हणजे साडेसोळा टक्के होतात आणि कोणाला गणित करताना दिसावे लागत नाही. निदान सर्वांना ते हेच सांगतात. परंतु त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, आणि कागदावर त्यांनी जो आकडा लिहिला तो दुपटीत मुळीच बसणारा नव्हता. ग्वाकामोलेच्या निराळ्या पैशांवरून दहा मिनिटे कुरकुर करणाऱ्या माणसाने वरचे वीस डॉलर कोणासाठी लिहिले असतील? टिपा मिळवणाऱ्या नोकरास मालकाने द्यावयाची किमान मजुरी त्या देशाच्या कायद्याने १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढीच ठेवलेली आहे, आणि टेक्सासात आजही तीच चालते. ही माहिती मला पूर्वी एकदा त्यांनीच दिली होती, तीही पंधरा टक्क्यांवर अडून बसलेल्या एका पाहुण्याला झापताना. मी पाहतो आहे असे लक्षात येताच त्यांनी कागद घाईने मिटला आणि 'इथं पार्किंगचं फार वाईट आहे' असे काहीतरी म्हणाले.

उरलेल्या अन्नाची वाटणी डब्यांत झाली. कोणता डबा कोणी न्यावयाचा, कोणता आडवा धरू नये, कोणत्यातला काळा राजमा सकाळपर्यंत टिकेल याचा सर्व बंदोबस्त त्यांनी लावून दिला. मामींनी शिल्लक टॉर्टिया रुमालात बांधून स्वतःच्या पिशवीत ठेवल्या. त्या कोणालाही दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक डबा परत करण्याच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो, तो दारातच हिंगाचा आणि मोहरीचा वास आला. मामींनी त्या टॉर्टिया कुस्करून, कांदा, हिरवी मिरची, हळद घालून फोडणीच्या पोळीत त्यांची रवानगी केली होती, आणि मुखत्यारसाहेब ओट्याला टेकून उभे राहून सांगत होते की मेक्सिकोत शिळ्या टॉर्टिया तळून मिरचीच्या रसात भिजवतात, त्यांना चिलाकिलेस म्हणतात, लोक त्या न्याहारीलाच खातात, आणि तेव्हा मामी नकळत जे करीत आहेत ते वस्तुतः...

'जावईबापू, गार होतंय,' मामींनी ताटली त्यांच्या हातात दिली. 'वरून दाणे घालू का?'

'दाणे मूळचे दक्षिण अमेरिकेतले,' पहिला घास गिळताच त्यांनी सुरुवात केली. पण तोवर मामा आपली ताटली पुन्हा भरून घेऊन बाहेरच्या खोलीत पोहोचले होते, आणि तेथून त्यांचा आवाज आला, की कालच्या त्या केशरी वाटीतले थोडे कोणी बांधून आणले आहे का.